सुंदराबाई जिन्यातून नाहीशा झाल्या

इमारत बांधण्याआधी ती आम्ही संगणकात पेटवतो आणि आतली माणसं वेळेत बाहेर पडतात का ते पाहतो. हिंजवडीत असल्या कामाचेही पगार मिळतात.

त्या दिवशी एका नव्या इस्पितळाचा नकाशा होता. तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा वॉर्ड. संध्याकाळी माझी सही झाली की बांधकाम सुरू. पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका; त्या ठिपक्यांना आम्ही ऑफिसातल्याच माणसांची नावं आणि चाल देतो. चहा देणाऱ्या सुंदराबाईंचा गुडघा दुखरा, म्हणून त्यांची चाल घड्याळ लावून मोजली आणि वॉर्डातल्या एका ठिपक्याला दिली.

अहवाल आला : शंभर टक्के बाहेर. पण मी पडद्याकडे पाहत होते. सहाव्या मिनिटाला सुंदराबाई जिन्यात होत्या, आणि मग नव्हत्याच.

"सहा मिनिटांनंतर उरलेल्यांना पुसून टाकतो," इंद्रजीत म्हणाला. प्रोग्राम त्याचाच. "नाहीतर गणित संपतच नाही."

"आणि मोजतही नाहीस?"

"उल्का, ठिपका आहे तो! अगं, हे अख्खं विश्वच कुणाचं तरी सिम्युलेशन असेल. तू-मीसुद्धा ठिपकेच. कशाला मनाला लावून घेतेस?"

माझं डोकंच फिरलं. "असू दे की! म्हणून चटका बसायचा राहतो का? गेल्या महिन्यात दाढ ठणकत होती, तेव्हा कुठे गेलं होतं हे तत्त्वज्ञान?"

तेवढ्यात चहा घेऊन सुंदराबाई आल्या. मी ती आग पुन्हा लावून बघत होते; पडद्यावरच्या जिन्यात आपलं नाव बघून त्या म्हणाल्या, "मी जिन्यानं कशाला उतरीन? गुडघा हाय का तसा? हितं बी मागच्या सामानाच्या उतारानंच येते-जाते."

आम्ही नकाशा पाहिला. इस्पितळालाही मागे उतार होता. त्यावर 'सामान' लिहिलेलं, म्हणून आम्ही दोघा शहाण्यांनी तो माणसांना बंद ठेवला होता. इंद्रजीतने तो उघडला आणि पुन्हा आग लावली. सुंदराबाई पाच मिनिटं दहा सेकंदांत अंगणात, आणि सहाव्या मिनिटाला आत कुणीच उरलं नव्हतं! मला चक्क रडू आलं. उतार माणसांसाठी खुला ठेवा, असं लिहूनच मी सही केली.

"ती पुसायची ओळही काढतो," इंद्रजीत मान खाली घालून म्हणाला.

"वरनं आपल्याला बी कोनी आसंच बघत आसंल का हो, ताई?" सुंदराबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. असेल तर तिथेही एखादी भांडणारी असू दे, म्हणजे झालं."

"आसंल की," त्या कप गोळा करत म्हणाल्या. "त्याबिगर का आपुन हितवर आलो?"