सगुणमामाच्या मेंदूतली ज्योत

पेडण्याच्या त्या मांडवात शंभरेक माणसे होती आणि पडद्यावर माझ्या सगुणमामाचा मेंदू. दुसऱ्याचा मेंदू बघायला गर्दी होते. स्वतःचा वापरायला कोणाला सवड असते?

दहा दिवसांपूर्वी मामाला अर्धांगवायूचा हलका झटका आला. पणजीत एमआरआय झाला, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. प्रभावतीमामीने या मांडवातल्या अंगारेवाल्या बाबांच्या सांगण्यावरून त्या गोळ्या चार दिवसांपासून बंद ठेवल्या होत्या. देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून, कौल लावूनच हो. पाकळी उजवीकडे पडल्यावर डॉक्टरांना विचारतो कोण?

बाबांनी लॅपटॉपवरून पहिले चित्र दाखवले. मेंदूभर बारीक ठिपके. "ही बाधा." मग अंगारा फुंकला, कळ दाबली. ठिपके गेले, मेंदू लख्ख, एका बाजूला शुभ्र डाग. "आणि ही देवीने लावलेली ज्योत." मेंदू मामासकट समोरच्या खुर्चीवर, अंगारा लॅपटॉपवर, तरी बाधा बरोबर निघाली.

माझी बहीण गौरवी एमआरआय मशीनवरच काम करते. ती पुढे झाली.

"देवाची परीक्षा घेतेस गे?" बाबा म्हणाले.

"देवाची कित्याक? तुमच्या लॅपटॉपची."

तिने दोन्ही चित्रांवरची वेळ वाचून दाखवली. एकच दिवस, एकच सकाळ, दहा दिवसांपूर्वीची. तेव्हा बाबांनी मामाचे तोंडही पाहिले नव्हते. पूर्वी स्कॅन सेंटरात कामाला असलेला त्यांचा चेला चपला शोधू लागला.

"मशीन एकाच जागेचे चित्र आठ वेळा घेते," गौरवी म्हणाली. "प्रत्येकात ठिपके असतात, पण दर वेळी वेगळ्या जागी. मग डोके हलले असेल तर चित्रे नीट जुळवून घ्यायची आणि आठांची सरासरी काढायची. आरतीत एखादा खोकला तरी सगळ्यांच्या आवाजात तो बुडतो, शब्द तेवढे ऐकू येतात. तसेच हे. बाबांनी आधी एक सुटे चित्र दाखवले, मग सरासरीचे."

आठही सुटी चित्रे लॅपटॉपवर होतीच. अंगाऱ्याशिवाय तिने तेच करून दाखवले.

"मगे ती ज्योत?" मामीने हळूच विचारले.

"तो डाग आठही चित्रांत आहे, म्हणून उरला. मामी, तोच झटका. तिथे रक्त पोचले नाही."

मामी मामाच्या हाताकडे बघत म्हणाली, "काल सकाळपासून त्यांच्या हातात कप राहत नाही. बाबा म्हणाले, बाधा निघताना असेच होते."

आम्ही मामाला तसेच उचलून गाडीत घातले आणि पणजीला इस्पितळात नेले. हात कितपत परतेल, डॉक्टर अजून सांगत नाहीत. बाबा डिचोलीकडे गेले म्हणतात. तिथल्या लोकांनो, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे चित्र कधीचे? आणि औषध बंद करायचेच असेल, तर ज्याने सुरू केले त्यालाच विचारा. माझी मामी हे आता रोज म्हणते, मामाला घास भरवताना.