सगळे आधी बाहेर

गावातल्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका पथकाचे प्रमुख म्हणजे मामा. सख्खे भाचे दूर कुठेतरी होते, त्यामुळे गावानेच त्यांना मामा करून टाकलं होतं. पोटापाण्याला कुलपं-किल्ल्यांचं दुकान, आणि उरलेला सगळा जीव पथकात. पथक म्हणजे तरी काय, एक बंब, एक रुग्णवाहिका, दोन्ही कशीबशी मावतील एवढी शेड आणि आपापले धंदे टाकून धावत येणारी मूठभर माणसं. बंब बेकरीवाला चालवायचा, रुग्णवाहिकेत दवाखान्यातली नर्स असायची. पगार कोणालाच नव्हता. रुबाब होता, पण तो जवळजवळ सगळा मामाच वापरून टाकायचे.

हिवाळा लागला की या मंडळींना दम खायला फुरसत नसे. टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून शेड दिवसरात्र ऊबदार ठेवायची, बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे लाल खांब बर्फातून उकरून काढायचे, चाकांना साखळ्या चढवायच्या. आणि घरोघर जाऊन शेगड्यांची धुराडी तपासायची. लाकूड जळतं तसतशी धुराड्याच्या आत काजळी धरत जाते, आणि वेळीच खरवडली नाही तर एक दिवस तीच पेट घेते. हे काम मामांच्या खास आवडीचं. बॅटरी घेऊन ते शेगडीत डोकं घालायचे आणि बाहेर आले की सुरू व्हायचे.

"हे धुराडं आहे की डांबराचं पिंप? उद्या पेटलं म्हणजे मलाच बोलवाल ना?"

घरातली माणसं ओशाळून "करतो मामा, रविवारी करतो" म्हणायची. मामा मान हलवत पुढच्या घरी जायचे. तोंडसुख घेण्याची कला त्यांना जन्मजात होती, त्यासाठी शिकवणी लावावी लागली नव्हती.

शेडच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने ब्रशने लिहून ठेवलं होतं: सगळे आधी बाहेर. मग फोन. मग बाकीचं. हे वाक्य ते पथकातल्यांकडून वदवून घ्यायचे, शाळेत जाऊन पोरांकडून म्हणून घ्यायचे.

याच हिवाळ्याच्या सुरुवातीला न्हाव्याच्या दुकानात मागच्या बाजूला टॉवेलांनी पेट घेतला होता. न्हाव्याने फोन करायच्या आधी बराच वेळ स्वतःच बादल्या ओतल्या, आणि निम्मी भिंत काळी झाल्यावर बंब बोलावला. मामांनी त्याला त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत धुतला.

"एवढा वेळ काय करत होतास? लाज वाटली होय? अरे, लाज विझवायचा बंब माझ्याकडे नाही!"

खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेला माणूससुद्धा हसला होता. न्हावी मात्र खाली बघून वस्तरा पुसत राहिला. मामांना स्वतःचं ते वाक्य इतकं आवडलं की पुढे बरेच दिवस त्यांनी ते जाईल तिथे ऐकवलं.

आता मामांच्या घरचं धुराडं. ते मामांनी तपासलं नव्हतं. आळस नव्हता, खोटं कशाला बोला. गावाची घरं आधी, आपलं काय, आपलंच तर आहे, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे मागे लागणारं कोणी नव्हतं. घरात मामा आणि वरच्या खोलीत ताई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, वेळेला दोन धपाटेही घातले. आता तिचे गुडघे गेले होते, काठीशिवाय चालवत नव्हतं. वरच्या खोलीच्या भिंतीतून धुराडं जायचं, तिथे ऊब असायची, म्हणून तिनेच ती खोली मागून घेतली होती. आल्यागेल्याला ती अभिमानाने सांगायची, "आम्हाला कसली हो आगीची भीती? बंबवालाच घरात आहे."

तो रविवार होता. दुपारी जेवण उरकून मामा शेगडीपुढे पेंगत बसले होते, तेवढ्यात धुराड्यात घों घों आवाज सुरू झाला. पत्रा थरथरू लागला. मामांची झोप खाडकन उडाली. तो आवाज कसला, हे गावात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. अंगठा आकड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

फोन केला की काय होणार, हे त्यांना लख्ख दिसलं. पथकातल्या प्रत्येकाच्या कमरेला वायरलेस असे आणि नियंत्रण कक्षातली बाई त्यावर मोठ्याने पत्ता सांगे. बेकरीत गिऱ्हाइकांच्या गर्दीत पत्ता वाजणार: कुलपांच्या दुकानामागचं घर, धुराड्याला आग. मामांचं धुराडं! आणि समोरच न्हाव्याचं दुकान, रविवारचं भरलेलं. काजळी जळून गेली की आवाज आपोआप थांबेल, बहुतेक वेळा थांबतोच, असं मनाशी म्हणत मामांनी फोन परत खिशात टाकला आणि शेगडीचं हवेचं दार घट्ट लावून घेतलं.

वरून ताईची हाक आली, "अरे धाकट्या, कसला रे आवाज? खाली येऊ का मी?"

खाली येऊ का. ती खाली आली म्हणजे तिला बाहेर न्यायला हवं. बाहेर बर्फात खुर्ची टाकून, शाल गुंडाळून बसवायला हवं, न्हाव्याच्या काचेसमोर. मग कोणाला काही सांगायची गरजच उरणार नव्हती.

"काही नाही गं," मामा ओरडले. "वारा आहे. तू वरच थांब. दार लावून घे."

"बरं," ताई म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला.

हळूहळू घों घों कमी झाली, थांबली. मामांच्या जिवात जीव आला. सुटलो, असंच ते मनात म्हणाले. झाडू घेऊन शेगडीपुढची राख गोळा करायलाही लागले. सुपली भरत आली तेवढ्यात त्यांच्याच कमरेचा वायरलेस खरखरला आणि बाईचा आवाज खोलीत घुमला: कुलपांच्या दुकानामागचं घर, छपरातून ज्वाळा, कळवणारे समोरचे केशकर्तनालय.

धुराडं वर कुठेतरी तडकलं होतं आणि विस्तव छपरात शिरला होता. मामा जिना कसे चढले ते त्यांचं त्यांना माहीत. दार उघडलं तर खोलीत धूर, आणि धुरात ताई पलंगाच्या कडेवर काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली. सांगितलं होतं तशी. ती खोकत होती, पण हलली नव्हती. मामांनी तिच्या काखेत हात घातले, ओढलं, जिन्याच्या तोंडाशी आल्यावर त्यांचाच श्वास संपला. बेकरीवाला पिठाने माखलेल्या हातांनी वर आला आणि दोघांनी मिळून तिला खाली आणलं. छपराचा एक कोपरा गेला, बाकी घर वाचलं. आग लगेच विझली. तिथे काही अवघड नव्हतंच, बोलावणं वेळेवर आलं असतं तर तो कोपराही गेला नसता.

रुग्णवाहिकेत नर्सने ताईच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. मामा शेजारी बसले. दारात बेकरीवाला उभा होता आणि त्याच्या मागे न्हावी, हातात घोंगडी घेऊन. ताईने मास्क जरा बाजूला केला.

"हा म्हणाला, तू वरच थांब," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणून मी हलले नाही हो. नाहीतर घाबरून जिन्यातच पडले असते. याला कळतं सगळं."

नर्सचा हात मध्येच थांबला. बेकरीवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. शेडच्या भिंतीवरचं वाक्य त्या सगळ्यांना पाठ होतं. मामांना वाटलं, आता कोणीतरी काहीतरी बोलेल. बोलावं, चार शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं. न्हाव्याने नुसती घोंगडी ताईच्या पायांवर घातली, नीट खोचली आणि तो निघून गेला. मामा मेल्याहून मेल्यासारखे झाले.

इस्पितळात ताईची छाती मोकळी व्हायला वेळ लागला. मामा खाटेजवळच्या स्टुलावर बसून असायचे. ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची, धाकट्याने कसं शहाणपणाने वरच थांबवलं. प्रत्येक वेळी मामांच्या काळजाला डागण्या बसायच्या. शेवटी एका दुपारी त्यांना ते ऐकवेना.

"ताई, तो वारा नव्हता. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"धुराडं पेटलंय ते. आवाज आला तेव्हाच कळलं होतं. तुला तेव्हाच बाहेर न्यायला हवं होतं."

"मग नेलं का नाहीस?"

"तू बाहेर बसली असतीस तर समोर सगळ्यांना कळलं असतं."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी लोकांना दिसू नये म्हणून?"

"मी दिसू नये म्हणून," मामा म्हणाले, आणि त्यांना हुंदका आवरेना.

ताई रागावली नाही, रडलीही नाही. तिने पाणी मागितलं. मामांनी पेला भरून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरून सावकाश रिकामा केला. त्या दिवसापासून तिने ती गोष्ट पाहुण्यांना सांगणं बंद केलं.

मामांनी शेडमध्ये पथकालाही सगळं सांगितलं आणि प्रमुखपद सोडतो म्हणाले. बेकरीवाल्याने त्यांच्या हातात फावडं दिलं. "हिवाळ्यात कसले प्रमुख बदलता, मामा? रात्रभर बर्फ पडलाय, खांब उकरायचेत. चला." ते गेले. उकरताना रस्त्याने जाणारे नेहमीसारखे "काय मामा" म्हणायचे, आणि मामांना वर बघवायचं नाही. धुराडी तपासायला आता ते नर्सला पुढे करायचे आणि स्वतः मागे बॅटरी धरून उभे राहायचे. शेगडी कशीही असो, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

ताई घरी यायची म्हणून त्यांनी धुराडं नवं बसवून घेतलं, छपराची फळी न् फळी पाहिली, ताईच्या खोलीला रंग दिला. रुग्णवाहिका दारात थांबली. नर्सने एका बाजूने आणि बेकरीवाल्याने दुसऱ्या बाजूने धरून ताईला उतरवलं. मामा पुढे होऊन दार उघडून उभे राहिले.

"ये ताई. सगळं नवं केलंय. मी स्वतः तपासलंय, आता काही भीती नाही."

ताई त्यांच्याकडे बघून हसली. मायेनेच हसली, त्यांच्या गळ्यातला मफलर सुटला होता, तो हात लांब करून नीट केला. पण पाऊल उचललं नाही. तिने उंबऱ्यापलीकडे, आत जिन्याकडे पाहिलं, आणि मान वळवून बेकरीवाल्याला हळूच विचारलं,

"काय हो, जाऊ ना मी आत?"

बेकरीवाला कानापर्यंत लाल झाला. त्याने मामांकडे पाहिलं. मामा दारातून बाजूला झाले. तो आत गेला, शेगडीपाशी वाकला, जिना चढून वर गेला, त्याच्या बुटांचा आवाज वरच्या खोलीत सगळीकडे फिरला आणि तो खाली आला.

"जा हो ताई," तो म्हणाला.

मग ताई आत गेली. मामा बर्फात दार धरून उभे राहिले.