भिंगाखालची एकेचाळीस रोपं

मी एक जुनं भिंग आहे आणि मित्रांनो, मोठं करून सांगणं हा माझा धंदाच आहे. एकदा माझ्यातून मुंगी बघून शेजारीण "अगं बाई, म्हैस सुटली!" म्हणत जिन्यावरून पळाली होती. पण आजची गोष्ट मी कणभरही वाढवलेली नाही. वाढवायला जागाच नाही तिच्यात.

माझे मालक घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी माझ्यातून केसाएवढ्या स्प्रिंगा बघितल्या. दुकान बंद केल्यावर गच्चीवर छोटं काचघर बांधलं आणि मलाही वर नेलं. तिथे बारा वर्षं रुसून बसलेल्या एका निवडुंगाला फूल आलं, फळ धरलं. घड्याळजींनी चिमट्यानं एकेक बी काढून, पारदर्शक झाकणाच्या डब्यात ओल्या वाळूवर पेरलं. तीन आठवड्यांनी हिरवे ठिपके उगवले. मोहरीएवढे! माझ्याखाली बघाल तर कलिंगडं. मोजून एकेचाळीस.

रोज वाकून मान दुखायची, म्हणून त्यांनी डबा खाली सहज सरकेल अशी, मला ठेवायला तारेची उंच तिवई केली. बघून झालं की माझ्यावर काळं फडकं टाकायचे.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परगावी ठरलं, नंतरची विश्रांतीही तिकडेच. निघायच्या सकाळी रोपं मोजत होते, तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. जाता जाता सुनेला बजावलं, "एक दिवसाआड फवारा मार फक्त. माझ्या कशालाही हात लावायचा नाही."

फडकं राहिलं खुंटीवर.

सून शब्दाची पक्की. झाकण काढायची, फवारायची, झाकण लावायची. मला बोटसुद्धा लावलं नाही तिनं. आणि दुपारचं ऊन आलं की मी ते सगळं गोळा करून एका ठिपक्यात ओतायचं. सूर्य सरकला की ठिपका सरकायचा. एकेक रोप चुरचुरत गेलं. मला डोळे मिटता येत नाहीत हो.

दहा दिवसांनी घड्याळजी परतले. अडतीस रोपं तपकिरी झाली होती.

"पाणी ओतून ओतून मारलीस ना?"

"नाही हो बाबा, दर वेळी मोजून दोनच फवारे..."

"मग काय मीच मारली, दवाखान्यात बसून?"

ती काचघरात येईनाशी झाली. "माझ्या हाताला गुणच नाही," म्हणत तिनं स्वतःच्या खिडकीतल्या कुंड्याही शेजारणीला देऊन टाकल्या. जाळलं मी, बोलणी खाल्ली तिनं. मला मात्र पुसून खणात ठेवलं. नव्या डोळ्यांना माझी गरज नव्हती.

चार महिन्यांनी वाचलेली रोपं कुंडीत हलवून घड्याळजी तो डबा धुवायला बसले. झाकणावर वितळल्याची एक वाकडी रेघ दिसली. ते थबकले. मला खणातून काढलं, तिवईवर ठेवलं, झाकण लावून डबा खाली सरकवला, दुपारची वाट बघितली. उजेडाचा ठिपका त्या रेघेवरून मुंगीसारखा चालत गेला. त्यांनी तिथूनच खाली हाक मारली.

"सूनबाई! जरा वर ये गं."

ती दारातच थांबली. "मी आत नाही येत, बाबा."

"ये. तुझं पाणी नव्हतं. माझं फडकं राहिलं होतं. उगाच बोललो तुला."

तिनं तो ठिपका बराच वेळ बघितला. "चार महिने मला पेल्यात पाणी ओततानाही धाकधूक व्हायची, बाबा," म्हणाली आणि हसली. डोळे नाही हसले.

उरलेली तीन रोपं त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली. "आता तूच मोजायची."

मित्रांनो, भिंग वापरून झालं की झाका. आणि कुणावर डाफरण्याआधी, आपलंच फडकं खुंटीवर राहिलं नाही ना, तेवढं बघून या.

ती तीन रोपं आता लिंबाएवढी झालीत. एकाच्या पोटावर तपकिरी डाग आहे. सून रोज माझ्यातून त्याच्याकडे बघते, आणि रोज मला तो डाग मोठा करून दाखवावा लागतो.