चुलीची माती

जिवलीला लाडकी पहिल्यांदा दिसली ती भर दुपारी, तारापूरला अणुवीजघराच्या पायाचं काम चाललं होतं तिथं. डोक्यावरचं घमेलं रिकामं करून ती वळली, तर दहा हातांवर एक बाई उभी. मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती तिथंच मातीत बसली.

लाडकी म्हणजे तिच्या नवऱ्याची, देवूची, पहिली बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. जिवलीनं तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती तीच, असं तिला वाटलं. सासू जमुना पावसाळ्यापासून तेच म्हणत होती.

पावसाळ्यापासूनच जिवलीची पाळी बिघडली होती. चार दिवसांची बारा-पंधरा दिवसांवर गेली. जुन्या लुगड्याच्या घड्या तासाभरात भिजायच्या, गाठी पडायच्या. कानात सारखं धप धप वाजायचं, कुणीतरी मागून चालत यावं तसं. आणि तिला मातीची ओढ लागली. चुलीच्या कडेची भाजकी माती ती नखानं उकरायची आणि तोंडात टाकायची. एकदा जमुनानं ते पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"लाडकीपन हेच करायची," ती म्हणाली. "ती आली तुज्यात. तीच तुजं रगत पिते."

पाम गावाजवळच्या पाड्यावर चिंतू भगत होता. त्यानं तांदूळ टाकून पाहिलं, कोंबडं कापलं, जिवलीच्या दंडाला दोरा बांधला. पुढच्या महिन्यात सतरा दिवस अंगावरून गेलं. जिवली चुलीकडं पाठ करून बसू लागली, तरी बोटं तिकडंच जायची. ही बोटं आपली नाहीत, असं तिला वाटायचं.

त्या दुपारी ती मातीत बसली तेव्हा राहीबाईनं तिला पाहिलं. राहीबाई नगरकडची. तिचा नवरा मारुती कामावर फिटर होता आणि दोघं पत्र्याच्या चाळीत राहायची. तिनं जिवलीला उठवलं, लुगड्यावरचा डाग आपल्या पदरानं झाकला आणि खोलीत नेऊन गूळपाणी दिलं.

"किती दिवस चाललंय?"

"तेरा."

"मलाबी असंच व्हायचं, दोन वर्षं. पालघरच्या डॉक्टरीणबाईनं बरं केलं. उद्या येतेस?"

"मला बाहेरचं लागलंय," जिवली म्हणाली.

"असंल. डॉक्टरीणबाईला तेबी सांग."

जमुना नको म्हणाली. पण सकाळी देवू दोघींच्या आधी एसटीपाशी येऊन उभा होता.

डॉक्टरीण पुष्पलताबाईंनी जिवलीच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट दाबलं. मग देवूला आत बोलावलं.

"कानात धप धप वाजतं का गं?"

जिवलीनं मान हलवली.

"आणि माती खावीशी वाटते?"

जिवली दचकली. तिनं राहीबाईकडं पाहिलं. पण हे तिनं राहीबाईलाही सांगितलेलं नव्हतं.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. अंगातलं रक्त फार कमी झालं की पुष्कळ बायांना असं होतं. चक्कर येते, नाही ते दिसतं. आधी इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या देऊन रक्त भरून काढू. मग गर्भाची पिशवी आतून साफ करायची. त्यानंही थांबलं नाही तर पिशवी काढायचा विचार करू. पण तुझं वय लहान आहे, ते अगदी शेवटी."

भिंतीला टेकून उभा असलेला देवू म्हणाला, "लाडकीपन खायची माती."

"कोण लाडकी?"

त्यानं सांगितलं. बाईंनी लिहिणं थांबवलं. "तिच्याही अंगावरून जायचं?"

"पंधरा-पंधरा दिस."

"कुठल्या दवाखान्यात दाखवलं होतं?"

"कुठंच नाय," देवू म्हणाला. जिवलीनं त्याच्याकडं पाहिलं. इतके महिने जिला ती घाबरत होती, ती नुसती आजारी होती. आपल्यासारखीच चुलीपाशी बसून कानात धप धप ऐकत होती, आणि घरातली सगळी तिच्याकडं बघत होती.

येताना एसटीत देवू रडला. आवाज न करता, खिडकीकडं तोंड करून.

इंजेक्शनं सहा आठवडे चालली. मग तीन दिवस पालघरला राहून जिवलीनं पिशवी साफ करून घेतली. पहिल्या पाळीला ती भीतीनं दिवस मोजत होती. सहाव्या दिवशी थांबलं. पुढच्या महिन्यात पाचव्या.

एकदा भात पाखडताना जमुनानं विचारलं, "पालघर किती लांब पडतं गं?"

"एसटीनं तासभर."

जमुनाचे हात थांबले. "ती म्हनायची मला, आये, दवाखान्यात न्या. दोनदा म्हनाली. मी म्हटलं, आधी भाताची झोडणी होऊ दे."

जिवलीला काही तरी बोलावंसं वाटलं. तुमचं चुकलं नाय, असं तोंडापर्यंत आलं, पण ते तिला म्हणवेना. तिनं सासूच्या मांडीवरचं सूप घेतलं आणि उरलेलं भात पाखडलं.

चैत्रात पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. जमुना न विचारता बरोबर निघाली. दवाखान्याच्या दारात मात्र ती थबकली.

"आत चला ना, आये."

"नको. मी इथंच हाय."

तासाभरानं जिवली बाहेर आली तेव्हा जमुना पायरीवर बसली होती. आतून येणाऱ्या प्रत्येक बाईकडं ती मान वर करून बघत होती, ती बाई रस्त्याला लागेपर्यंत. जिवली समोर येऊन उभी राहिली, तरी तिची नजर दारावरून हलली नाही, अजून एक बाई यायची राहिली असावी तशी.