नव्या पाहुणीला पहिला मान

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. संगणकाची सगळी आठवण सांभाळणारी, तळहातावर मावणारी डबी. आष्ट्याच्या वाचनालयात माझी नेमणूक झाली, तेव्हा लोक चपला बाहेर काढून संगणक बघायला यायचे. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू!

ग्रंथपाल मायाताईंनी दोन वर्षं बसून अकरा हजार पुस्तकांची यादी माझ्यात भरली. पुस्तकं मराठी, अक्षरं इंग्रजी आणि टायपिंग एका बोटानं! त्यांचा धाकटा भाऊ धम्मपाल विश्रामबागेत इंजिनिअरिंग शिकत होता. यंत्र ज्याच्यावर चालतं तो लिनक्स नावाचा प्रोग्रॅम त्यानंच माझ्यावर बसवला.

१९९८ साली मी काठोकाठ भरले. धम्मपालनं माझ्या आठपट मोठी नवी डिस्क आणली. माझ्या पोटात दुखलंच.

आम्हा डिस्कांच्या पाठीमागे एक इवलीशी टोपी असते. ती कुठे बसवली यावरून पहिली कोण नि दुसरी कोण, हे यंत्राला कळतं. धम्मपालनं मोठी म्हणून पाहुणीला पहिला मान दिला आणि मला दुसरी केलं. बटण दाबताच यंत्र सवयीनं पहिलीकडे लिनक्स मागायला गेलं, कारण त्याशिवाय ते सुरूच होत नाही. ती कोरी करकरीत, देणार काय? पडदा काळाच राहिला. तीनदा बटण दाबून झालं.

"ताई, जुनी गेली गं. नवीवर सगळं पयल्यापासनं टाकाय लागंल."

मायाताई यंत्राकडे धावल्या. "आरं, ती यादी मी दुसरीकडं कुटंच उतरून ठेवली न्हाई!"

मी जिवंत होते, पण सांगणार कशी? माझ्या तोंडून घरघरीशिवाय काही निघत नाही.

ती घरघर अजमलचाचांनी ऐकली. शेजारीच त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. ते पुस्तक बदलायला आले होते.

"गड्या, ही तर फिरतीया. काल चालत व्हती न्हवं? मग आज तू काय बदाललंस?"

"नवीला पयली केली, चाचा."

"मग आदी व्हतं तसं कर. मोटार बंद पडली की आमी बी शेवटचा हात कुटं लावला त्येच बघतो."

धम्मपालनं जीभ चावली. नवी काढली, माझी टोपी पूर्वीच्या जागी बसवली, बटण दाबलं आणि मी उठले! पडद्यावर ओळी भराभर धावल्या. मायाताईंनी टाळी वाजवली आणि डोळेही पुसले. मग नवीला दुसरी करून बसवलं. आम्ही दोघी बिनतक्रार सुरू झालो.

मित्रांनो, नवं आणल्यावर बिघाड झाला, तर लगेच जुन्याला भंगारात काढू नका. आधी आपण काय बदललं ते बघा.

त्याच दुपारी मायाताईंनी अख्खी यादी नवीत उतरवली. शेवटचं पुस्तक तिकडे पोहोचलं आणि माझा तिच्यावरचा राग पार गेला. दोन वर्षं मी एकटीच ते ओझं घेऊन भीत भीत फिरत होते. तुमच्याकडेही एकच प्रत असलेलं काही असेल, तर आजच त्याची दुसरी करा. आता मी कधी थांबले, तरी मायाताईंना पुन्हा एका बोटानं सुरुवात करावी लागणार नाही.