मायाचा एका बाहीचा शर्ट

मित्रांनो, मायाला एका डबीतून काय काय मिळणार होतं, ते आधी ऐका. म्हसवडला भावाच्या लग्नात करवली म्हणून उजळ चेहरा, फोटोत पुढची जागा आणि साखरपुड्यात ‘पार रापलीस गं’ म्हणणाऱ्या मावशीचं बंद तोंड. मला मात्र मिळणार होती खुंटी.

मी एक जुना, लांब बाह्यांचा शर्ट आहे. विट्याच्या शिंप्यानं मला मायाच्या नवऱ्यासाठी, इंद्रजितसाठी शिवलं. त्यानं मला जत्रेत मिरवलं आणि कॉलर विरताच टाकून दिलं. मग मायानं मला साडीवर चढवून आटपाडीच्या डाळिंबाच्या बागेत नेलं. ऊन मी खायचो, ती आत सुखरूप राहायची. संध्याकाळी दोरीवर टाकताना ‘माझा वाघ हाय’ म्हणायची.

मग शेजारची स्वप्नाली उन्हानं रापू नये म्हणून खायच्या, वनस्पतींच्या कॅप्सूलची डबी विकायला घेऊन आली. त्यात टोमॅटो होता, ग्रीन टी होता, डाळिंबाची सालसुद्धा. म्हणाली, “वैनी, ही पोटातनं छत्री धरती.” झालं. माया उघड्या हातांनी बागेत निघाली. मी खुंटीवर सारखा फडफडत होतो. दार दिसत होतं, जाता येत नव्हतं.

दिवस फळं झाकायचे होते. उन्हानं भाजून डागाळू नयेत म्हणून आमच्याकडे डाळिंबांवर पांढरं कापड चढवतात. फळांना ऊन लागू नये म्हणून माया दिवसभर उन्हात! शेवटच्या झाडांना कापड कमी पडलं आणि सासूची, सुलाबाईंची नजर माझ्यावर गेली. आता ह्याला कोण घालतंय, फाडा, म्हणाल्या.

माझी उजवी बाही गेली. डावीला कात्री लावायला मायानं हात लांबवला, तेव्हा सुलाबाईंना तो हात दिसला. कोपरापर्यंत लालभडक, कातडी सोलवटलेली.

इंद्रजित म्हणाला, “गोळ्या झाडालाच घालायच्या हुत्या. कापड वाचलं असतं.”

सुलाबाई हसल्या नाहीत. “फळ भाजलं तर बाजारात कोण पुसत न्हाई, म्हणून झाकतीस. तुझं अंग काय वाटंवर पडलंय व्हय?”

मायानं कात्री ठेवली आणि तडक स्वप्नालीला गाठलं. गोळी घेतली तरी अंग झाकायचं असतंच, हे तिनं निवांत कबूल केलं.

“मग आदी का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर घेतली असतीस व्हय?”

लग्नात माया हातांची आग लांब बाह्यांच्या झंपरात लपवून उभी राहिली. मावशी बोलायची ती बोललीच. परत आल्यावर मायानं जुन्या फुलाफुलांच्या परकराची बाही मला जोडली. दिसतो बहुरूप्यासारखा, पण बागेत जातो.

मित्रांनो, गोळी खायची तर खा, मी काही तिचा वैरी नाही. पण उन्हात निघताना खुंटीकडे एकदा बघा. आमचा हिशेब असा झाला: स्वप्नालीची डबी खपली, डाळिंबं माझ्या बाहीखाली लालचुटुक पिकली, मावशीला बोलायला मिळालं. भरलं ते मायाच्या कातडीनं, आणि थोडं माझ्या उजव्या बाहीनं.