तिसरी खाच

शनिवारी दुपारी अण्णांनी वर्षभरानंतर पहिल्यांदा मोटारसायकल बाहेर काढली, तेव्हा कुमुदिनीला वाटलं, आता अख्खं कुळगाव बघायला लोटणार! लोटलं कोणीच नाही. चैत्रातलं ऊन, दारं लावून माणसं आडवी झालेली. शेजारच्या कोंबड्या तेवढ्या फडफडत बाजूला झाल्या.

किक मारायला कुमूच पुढे झाली. अण्णा म्हणाले, "मी मारतो गं," पण पाय मात्र उचलला नाही त्यांनी. तिसऱ्या किकेला इंजिन धडधडलं आणि कुमूच्या छातीतही काहीतरी धडधडलं. झालं! संपलं आजारपण! सोमवारपासून अण्णा पुन्हा अंबरनाथला, रंगाच्या कारखान्यात, सुपरवायझरच्या खुर्चीवर. कालच कारखान्याच्या डॉक्टरांनी वजन घेतलं होतं. एकशे वीस रत्तल भरलं तर कामावर घेऊ, असं ते म्हणाले होते, आणि काटा बरोब्बर एकशे वीसवर थांबला होता. आईनं देवापुढे साखर ठेवली होती. क्षयातून माणूस उठला म्हणजे दुसरा जन्मच की!

अण्णा फाटकापर्यंत गेले आणि परत आले. उतरले ते खांबाला धरूनच. चेहरा पिठासारखा पांढरा.

"काय झालं?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. रस्ता खराब झालाय. गाडी नुसती उडते."

"उडणारच!" कुमू टाळी वाजवून म्हणाली. "स्प्रिंग अजून तुमच्या जुन्या वजनावर आहे ना! थांबा, उद्या मीच लावते नीट."

हे काम तिचं ठरलेलंच होतं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन स्प्रिंगा, आणि प्रत्येकीच्या खाली फिरवायचं एक कडं. कड्याला तीन खाचा. हलका माणूस असेल तर पहिली, मध्यम असेल तर दुसरी, जड असेल तर तिसरी. उल्हासनगरच्या कॅम्पातून गाडी घेतली तेव्हा तिथल्या सिंधी दुकानदारानं अण्णांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसत सांगितलं होतं, "साईं, आप के लिए तीसरा. पहलवान लोग का." अण्णा तेव्हा एकशे सत्तर रत्तल होते. शेजारची पोरं त्यांच्या दंडाला लोंबकळायची. माणूस बसला की गाडी दोन बोटं खाली यायला हवी, हे अण्णांनीच कुमूला शिकवलं होतं. त्याहून कमी दबली तर स्प्रिंग ताठ, गाडी दगडादगडाला माणसाला फेकते. जास्त दबली तर चाक वर मडगार्डला ठोकतं. अण्णा ओटीच्या खांबाला हात टेकून, दोन्ही पाय वर घेऊन बसायचे, आणि कुमू खाली उकिडवी बसून चाकाच्या आसापासून मडगार्डपर्यंत बांबूची पट्टी धरायची, खडूनं खूण करायची, बोटं लावायची. तेव्हा ती चौथीत होती. आता मॅट्रिकच्या वर्गात, वक्तृत्वात पहिली, आणि हेडमास्तरांशीसुद्धा मान वर करून बोलणारी.

रविवारी सकाळी तिनं सीटखालची हत्यारांची पेटी उघडली तर पेटी रिकामी.

"अण्णा, पाने कुठायत?"

अण्णा खाटेवरून उठले. "थांब, मी देतो," म्हणाले. आतल्या खोलीत खणखण वाजलं आणि ते एकच पाना घेऊन आले, आकडीवाला. कुमूनं तो हिसकावलाच. वेळ कुणाला होता!

एकशे वीस म्हणजे मध्यम माणूस. म्हणजे दुसरी खाच. साधा हिशोब. पाना अडकवून तिनं जोर लावला, कडं कर्रकन् फिरलं, मग दुसऱ्या बाजूचं.

"बसा आता."

अण्णा बसले, पाय वर घेतले. कुमूनं बोटं लावली. एक बोटसुद्धा नीट मावेना.

"नीट बसा ना, अण्णा. सगळा भार टाका."

"टाकलाय."

"मग स्प्रिंग धरलीय." तिनं कडी पहिल्या खाचेवर आणली. अण्णा पुन्हा बसले. आता कुठे दोन बोटं भरली. जेमतेम. तिनं तिथं खडूनं खूण केली.

"झालं?" अण्णांनी विचारलं. कपाळावर घाम होता. "मी जरा पडतो."

ते आत गेले. कुमू पट्टीकडे बघत राहिली. पहिली खाच तर अगदी पाप्याच्या पितरांसाठी! वर्षभरात तेल नाही, पाणी नाही, गंजली असणार स्प्रिंग. तेवढ्यात फाटकातून कुंदा आली. कुंदा तिच्या वर्गातली, गोल गरगरीत, आणि स्वतःवर सगळ्यांच्या आधी हसून घेणारी.

"काय गं, मेकॅनिक बाई?"

"ये, पट्टी धर. मी बसते, तू बोटं लाव."

कुमूनं परकर गोळा केला, खांबाला हात टेकला आणि पाय वर घेतले. एरवी तिनं वरून भाषणच ठोकलं असतं.

"दोन बोटं," कुंदा म्हणाली. "इथं आधीच एक खूण आहे बघ. बरोब्बर तिच्यावरच आलं."

"ती खूण अण्णांची आहे."

"मग तुझी पण तीच. नवी कशाला करू?"

कुमू उतरली. "आता तू बस."

"मी? अगं बाई, तुझी गाडी जमिनीत जाईल! मग अण्णा जातील चालत अंबरनाथला."

"बस म्हटलं ना!"

तिचा आवाज ऐकून कुंदा गुपचूप बसली. गाडी मऊशार खाली गेली. कुमूनं बोटं लावली. दोन, आणि वर तिसरं जवळजवळ सगळं. कुंदा उतरली, गाडी वर आली. पुन्हा बसवली, पुन्हा तितकीच खाली. स्प्रिंग धरली नव्हती. स्प्रिंग लोण्यासारखी चालत होती.

मागच्या महिन्यात शाळेत सगळ्यांची वजनं झाली होती. कुंदा एकशे बारा. मुली किती दिवस चिडवत होत्या तिला! आणि कुमू सत्त्याण्णव.

"काय झालं गं? माझं वाढलं का?" कुंदानं हसत विचारलं.

"नाही. तू जा आता. माझा अभ्यास राहिलाय."

कुंदा गेली. कुमू उभीच. मग ती आतल्या खोलीत गेली. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खुंटीवर त्यांचा लोकरी कोट होता, शुक्रवारी एवढ्या उन्हात घालून गेले होते तोच. आई म्हणाली होती, "अहो, शिजाल!" तेव्हा ते म्हणाले होते, "साहेबासारखं जायला नको का?" कुमूनं कोटाला नुसता हात लावला तर कोट हललाच नाही. प्रेत टांगल्यासारखा सरळ लोंबत होता. आतल्या खिशांत सगळे पाने होते, हातोडीचं मुंडकं होतं, चेनचा जुना तुकडा फडक्यात गुंडाळलेला होता.

कारखान्यात माणसं तोलायला वेगळा काटा नव्हता. मालाची पोती तोलतात त्याच काट्यावर उभं करायचे. काट्यावर हरिचंद्र म्हणून स्टोअरचा माणूस असायचा. कामगार आला तर त्याला चपला काढायला सांगायचा, मुंडासंही. पण सुपरवायझरसाहेबांना कोट काढा म्हणून कोण सांगणार? हरिचंद्र नाही सांगणार, आणि डॉक्टरसुद्धा अदबीनं दुसरीकडे बघतील. अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं.

मागून आवाज आला, "पाने जाग्यावर ठेव, कुमू. उद्या लागतील."

ती वळली. अण्णा जागे होते.

"आणि स्प्रिंग तिसऱ्या खाचेवर कर."

"तिसऱ्या? अहो, पहिलीवर जेमतेम..."

"माझी गाडी तिसऱ्या खाचेवर असते. गेटवरचे लोक रोज बघतात. कर म्हटलं ना."

"तिसरीवर ती तुम्हाला फेकून देईल, अण्णा."

ते उठले, पाना घेऊन ओटीवर गेले आणि गाडीशी खाली बसले. आकडी अडकवली, जोर लावला. कडं हललं नाही. पुन्हा लावला. मानेच्या शिरा ताणल्या, आणि खोकला आला तो थांबेच ना. कुमू त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. सदऱ्याखाली हाताला नुसते मणके लागत होते. एवढे दिवस ती या माणसाला रोज दूध नेऊन देत होती, आणि कधी हात लावून बघितला नव्हता. लावू देत नसत ते. लांबूनच, म्हणत.

खोकला थांबल्यावर तिनं सांगितलं, "कुंदा तुमच्यापेक्षा जड आहे. आणि तुमची आणि माझी खूण एकच आहे."

अण्णा बराच वेळ त्या खडूच्या रेघेकडे बघत होते.

"एकच?"

"एकच."

"म्हणजे तू मोठी झालीस," ते म्हणाले आणि हसायला गेले. जमलं नाही. "आईला सांगितलंस?"

"नाही. पण अण्णा, का? अजून तीन महिने रजा घेतली तर काय होईल? शरदचंद्रकाका बघताहेत ना तुमचं काम?"

"बघतोय. चांगलं बघतोय. म्हणून तर." त्यांनी पाना जमिनीवर ठेवला. "कुमू, या घरात मी काय आहे सांग. कोपऱ्यातली खाट. वेगळं ताट, वेगळा तांब्या. तू वक्तृत्वात पहिली आलीस ते मला दाराबाहेरून ओरडून सांगितलंस. त्या गेटातून आत गेलो की मी दिनानाथ असतो. एक दिवस का होईना. मग पुढे काय व्हायचं ते होवो."

सभेत टाळ्या घेणारी सगळी वाक्यं कुमूच्या ओठांशी आली आणि खोटी वाटून परत गेली. शेवटी ती म्हणाली ते अगदी साधं होतं.

"काल नुसतं फाटकापर्यंत जाऊन आलात तरी उतरताना खांब धरावा लागला, अण्णा. गाडी तुम्हाला मुरमावर टाकेल, मग तुम्ही आम्हाला खाटेवरसुद्धा दिसणार नाही. मला खाट चालेल. आईलाही चालेल. तिला विचारून बघा."

अण्णांनी जमिनीवरचा पाना बाजूला सारला.

"आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. आणि डॉक्टरांनाही तुम्हीच."

"आणि नाही सांगितलं तर?"

कुमूची मान वरच राहिली. "तर मी येऊन सांगेन. गेटवर उभी राहून, सगळ्यांसमोर. माझा आवाज लांब जातो, तुम्हाला ठाऊक आहे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोणीतरी नवीनच माणूस घरी आलंय आणि त्याची ओळख करून घ्यायची आहे, तसं. मग ते खांबाला धरून उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. वर्षभरात त्यांनी तो ओलांडला नव्हता, आजही ओलांडला नाही. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये." आई पदराला हात पुशीत आली. कुमू ओटीवरच बसून राहिली. आतून आईचा आवाज एकदाच चढला.

सोमवारी अण्णांनी पांढरा सदरा घातला. कोट खुंटीवरच होता. गाडी नेली नाहीच, बैलगाडी सांगितली. निघताना ते म्हणाले, "तूच चल. तूच काढलंस हे."

कारखान्याच्या गेटवर माणसं उभी राहून नमस्कार करत होती. "आलात का, साहेब! बरं वाटलं!" अण्णा सगळ्यांना नमस्कार करत होते. डॉक्टर स्टोअरपाशीच भेटले.

"काय हो, वजन तर शुक्रवारीच झालं की."

"पुन्हा घ्या."

"कशाला पण?"

"घ्या तर खरं."

हरिचंद्रनं पोती बाजूला सारली. अण्णांनी चपला काढल्या, सदरा काढला, नुसत्या बंडीत उभे राहिले. गेटवरची माणसं तिथूनच बघत होती. कुमूला वाटलं, त्यांच्यावर पांघरूण घालावं. पण ती हलली नाही. अण्णा काट्याच्या लोखंडी पाटावर चढले. त्यांचे पाय मात्र अजून पूर्वीसारखेच होते, मोठे, रुंद, पहिलवानाचे.

हरिचंद्रनं दांडीवरचं वजन एकशे वीसवर सरकवलं. दांडी खालीच पडून राहिली. त्यानं ते थोडं मागे घेतलं. दांडी हलली नाही. तो थांबला आणि डॉक्टरांकडे बघू लागला, साहेबांसमोर आणखी मागे घ्यावं की नाही असं.

"घे मागे," अण्णा समोर बघत म्हणाले. "लाजू नकोस, हरिचंद्र. अजून घे."